न्हाव्याच्या दुकानातली दातांची खुर्ची

चौकातून उजवीकडे वळलं की बेकरी, बेकरीला खेटून सायकलवाला, आणि त्याच्या पुढे जिथं तुरटीचा आणि ओल्या टॉवेलांचा वास सुरू होतो, ते न्हाव्याचं दुकान. लोक त्याला खांबदादा म्हणत. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. माणूसच तसा. मागून हाक मारली तर त्याची मान वळत नसे, दार उघडावं तसा तो अख्खा वळे. पडलेला कंगवा उचलायचा तर पाठ तशीच सरळ ठेवून, गुडघे मोडत तो सावकाश खाली उतरे. बादली विहिरीत सोडावी तसा.

पण हात मात्र पाण्यासारखा. त्याचा वस्तरा गालावरून फिरला की नाही, हे गिऱ्हाइकाला फक्त गारव्यावरून कळायचं.

पाठ धरली ती तिशी सरता सरता. आधी कंबर, मग पाठीचा मधला भाग, मग मान. त्याला त्याचं नवल वाटलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यावर ओणवं राहणाऱ्याची पाठ दुखणार नाही तर कुणाची? आणि कानांचं म्हणाल, तर त्याचे कान निळसर काळे होते, शाई पुसल्यासारखे. त्याचंही उत्तर त्याच्याकडे होतं. "लोकांच्या केसांना कलप लावतो, थोडा माझ्या कानांना लागतो." दर रविवारी तो आरशासमोर उभा राहून कान स्पिरिटने घासायचा. कान लाल व्हायचे आणि मग पुन्हा निळे. सदऱ्याला काखेत तपकिरी डाग पडायचे, त्याचा दोषही बायकोने कलपालाच दिला होता. "कलप लोकांना लावता की स्वतः पिता?" ती विचारायची.

खरी पंचाईत दाढीची झाली. हनुवटीखाली वस्तरा फिरवायला वाकावं लागतं, आणि त्याला वाकता येईना. म्हणून त्याने खुर्चीच्या पायांखाली विटा घातल्या. एका सकाळी बसचा ड्रायव्हर तोंडाला साबण लावून बसलेला असताना खुर्ची डुलली. वस्तरा त्याने वेळीच वर उचलला, पण ड्रायव्हरने घाबरून त्याच्या कमरेला मिठी मारली, आणि खुर्ची थांबेपर्यंत दोघं तसेच राहिले.

"दादा," ड्रायव्हर म्हणाला, "मी रोज घाट उतरतो, पण असं कुणाला मिठी मारायची वेळ आली नव्हती."

दुकान हसलं. तोही हसला. पण त्या दिवशी त्याने वस्तरा पुसून खणात ठेवला आणि दाढ्या बंद केल्या. दाढी न करणारा न्हावी म्हणजे पोहता न येणारा मासा, असं तोच म्हणायचा. घरी लेक म्हणाली, "बाबा, आता दुकान बंद करा. बास झालं." बायकोने लेकीकडे बघून मान डोलावली, आणि तेच त्याला जास्त लागलं. ह्या घरात तिने मान डोलावली की निकाल लागला, असंच धरायचं.

त्याच सुमारास त्याची थोरली बहीण आली. भाजीचा मळा एकटीने ओढणारी बाई. डोक्याला कायम फडकं बांधलेलं, बोलणं रोखठोक. तिचीही पाठ गेली होती. वाफ्यात बसली तर उठता येईना. "धाकट्या, मला मोठ्या दवाखान्यात घेऊन चल," ती म्हणाली. "आणि तूही दाखव. फुकट सोबत नको."

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती. दोघं दारातून आत आले, आणि ती म्हणाली, "इकडे बघा." दोघंही एकदमच, अख्खेच्या अख्खे वळले. ती हातातलं पेन ठेवून उठली. त्याचे कान उजेडात धरून पाहिले.

"तो कलप आहे," त्याने सांगून टाकलं. "मी न्हावी आहे."

डॉक्टरीणबाईने बहिणीचं फडकं हळूच बाजूला केलं. खाली तसेच निळे कान.

"आणि ह्यांना कुणी लावला?"

भाऊ बहिणीच्या कानांकडे बघत राहिला. जन्मभर लोकांचे कान बघून पोट भरलेला माणूस, पण सख्ख्या बहिणीचे कान त्याने पाहिले नव्हते.

मग लघवीचं विचारणं झालं. तो लाजला, पण बहीण मळ्यात बोलावं तशी बोलली. "हा पाळण्यात होता तेव्हा ह्याची दुपटी काळी पडायची. आई साबण लावायची तर आणखीच काळी. तिने साबणवाल्याला शिव्या घालून दुकान बदललं." तपासणीची बाटली खिडकीत उघडी ठेवली. दुपारपर्यंत ती कोऱ्या चहासारखी झाली.

डॉक्टरीणबाईने नाव सांगितलं, अल्काप्टोन्यूरिया, आणि लगेच सोपंही केलं. अन्नातला एक अंश ह्यांच्या शरीराला पुरता मोडता येत नाही. तो उरतो, वर्षानुवर्षं साचतो, काळा पडतो. कानाच्या कुर्चेत, म्हणजे मऊ हाडात साचतो, तसाच मणक्यांमधल्या गाद्यांमध्येही. गाद्या कडक होतात, झिजतात, मणके एकमेकांना धरतात. आई आणि वडील, दोघांकडून एकेक वाटा आला की हा आजार होतो.

"म्हणजे ह्यात माझ्या धंद्याचा दोष नाही?"

"नाही. ओणवं राहून दुखणं वाढलं असेल, पण मूळ ते नाही."

"बघ," बहीण म्हणाली, "आईबापांनी वाटणी कशी सारखी केली. जमिनीत नाही जमलं, ह्यात जमलं."

साचणं कमी करणारी गोळी आहे, ती मिळवून बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. पण आखडलेला कणा परत लवणार नाही. त्याने विचारलं ते एकच. "मी वस्तरा धरू का?"

"हात चांगले आहेत. धरा. फक्त वाकू नका."

वाकू नका. बाहेरच्या बाकावर बसून तो हे दोन शब्द उलटेसुलटे करत राहिला. न वाकता दाढी कशी होते, हे देवालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात बहिणीची हाक आली. बाक बुटका, उठायला त्रास, म्हणून ती व्हरांड्याच्या टोकाला टाकलेल्या एका जुन्या खुर्चीवर जाऊन बसली होती. दातांच्या डॉक्टरांची खुर्ची. फाटकी, पण पायाशी पेडल. वॉर्डबॉयने गंमत म्हणून पेडल दाबलं, आणि बाई वर वर जात पायांवर अलगद उभी राहिली.

"धाकट्या," ती म्हणाली, "तू खाली जाऊ नकोस. गिऱ्हाइकाला वर आण."

खुर्ची भंगारातच जायची होती. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी ती देऊन टाकली, आणि भाजीच्या टेम्पोतून ती दुकानात आली. सायकलवाल्याने पेडलला तेल घातलं, लेकीने फाटकं रेक्झिन शिवून दिलं.

पहिला बसला ड्रायव्हर. बसल्या बसल्या त्याने सवयीने तोंड उघडलं.

"तोंड मीट," न्हावी म्हणाला, "दाढी करायचीय, दाढ नाही काढायची."

पेडल दाबलं. ड्रायव्हरची हनुवटी वर आली, छातीच्याही वर आली, आणि न्हाव्याच्या डोळ्यांसमोर येऊन थांबली. त्याने खणातून वस्तरा काढला. दारात बायको उभी होती, लेकही होती. तो तसाच ताठ उभा राहिला आणि वस्तरा गळ्याच्या खोलगट भागातून वर सरकला. एकदा. पुन्हा एकदा. साबणाच्या पांढऱ्या रेघा निघत गेल्या. पाठ दुखत होती, ती दुखणारच होती, पण तिला आता कुणी वाकायला सांगत नव्हतं.

ड्रायव्हरने गळ्यावरून हात फिरवला. मग त्या उंचीवरून त्याने दुकानभर नजर टाकली.

"दादा, झकास. पण वहिनी, तुमच्या कपाटावर वर्षभराची धूळ आहे हो. इथून सगळं दिसतं."

बायको फडकं आणायला आत वळली. जाताजाता म्हणाली, "अहो, पुढच्याला जरा थांबवा. आधी मी पुसते, मग वर घ्या."