पुण्याचं हवामान आणि माझी काळी खिडकी

महागावला येऊन घरून काम करायला लागलो, त्यानंतर काही दिवसांतच माझ्या लॅपटॉपवरची कमांडची काळी खिडकी रुसली. उघडली की नुसती काळीच. काही टाइप करू द्यायला पंचवीस-तीस सेकंद घ्यायची. आधी विंडोजला शिव्या घातल्या, मग अँटिव्हायरसला. शेवटी अख्खा रविवार घालवून विंडोज नव्यानं टाकलं आणि माझ्या फायली जपून जशाच्या तशा परत ठेवल्या. खिडकी तितकीच मंद!

ढाणकीला माझी कॉलेजातली मैत्रीण कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. शेजारीच तिच्या अब्बांचं मोटारसायकलचं गॅरेज. मी लॅपटॉप तिच्यापुढे आदळला. "विंडोजच भंगार हाय."

"थांब ना, काहून घाई करून राह्यला?"

शेल, म्हणजे ती काळी खिडकी, उघडताना आपोआप चालणाऱ्या ओळींची एक फाइल असते. ती फाइल वगळून तिनं शेल सुरू केलं. टिचकी वाजवावी तसं उघडलं.

"विंडोज बरोबर हाय. तुह्याच फायलीत काहीतरी हाय."

मग ती माझी एकेक ओळ बंद करून बघत गेली. सातव्या ओळीवर थांबली, वाचली, आणि टेबलावर डोकं टेकवून हसायला लागली.

पुण्यात असताना मी हौसेनं लिहिलं होतं : शेल उघडलं की एका वेबसाइटवरून पुण्याचं हवामान आणायचं. ती साइट बंद पडली, मी ओळ विसरलो. बिचारं शेल दर वेळी उत्तराची वाट बघायचं, कंटाळायचं आणि मुकाट्यानं उघडायचं.

"म्हंजे महागावात बसून तू रोज इचारतं, पुण्यात पाऊस हाय का?"

"कोणाले सांगू नको."

"मी कायले सांगू?" असं म्हणाली आणि गॅरेजकडे तोंड करून ओरडली, "अब्बा, सुनो तो!"

सोमवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "बाहेरच्या सर्व्हरवर अवलंबून असलेली एक ओळ सापडली." साहेब इतके खूश झाले, की सगळ्या टीमला ते समजावून सांगायचं काम माझ्याकडेच आलं. "काही लोक अशा ओळी टाकतात आणि विसरतात," असंही मी न लाजता सांगितलं. काही लोक म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही.

त्यावर सगळ्यांनी आपापल्या फायली तिथंच उघडून पाहिल्या. साहेबांच्या फायलीत क्रिकेटचा स्कोअर निघाला.