टाकव्याची चौथी लोणावळ्याला जाते

मास्तरकी केलेल्या माणसाकडे दोनच गोष्टी आपोआप साठतात, अंगावर खडूची धूळ आणि पोटात किस्से. धूळ झटकली की जाते. किस्से मात्र चार माणसं जमली की बाहेर पडल्याशिवाय राहत नाहीत! आणि एकदा मुलांना घेऊन सहलीला जाऊन आलं, की मग विचारूच नका.

मी तेव्हा टाकवे बुद्रुकच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवत होतो. पुण्याच्या गाडीला विजेचं इंजिन नुकतंच लागलं होतं. मुलांना गाडीत बसवून लोणावळा दाखवायचा, असं मी ठरवलं.

मुलांबरोबर मोठी माणसं दोघंच. एक मी, आणि दुसरे गावातले किराणा दुकानदार उस्मानभाई. त्यांची जैतून ही वर्गातली एकुलती एक मुलगी आणि सगळ्यांत हुशार. पण पाचवीसाठी वडगावला जावं लागे, आणि उस्मानभाईंनी मला साफ सांगून टाकलं होतं, "मास्तर, चौथी झाली की बास! एवढ्या लांब पोरीला एकटी सोडू व्हय?" मी त्यांच्या दुकानाचा उंबरा झिजवला. शेवटी सहलीपुरता होकार मिळाला, तोही "मीबी येनार" या अटीवर! त्या पोरीची शाळा सुटणार, याचं मला फार वाईट वाटत होतं.

* * *

वडगाव स्टेशनात गाडी आली आणि पांडू अडून बसला. पांडूच्या घरी बैलगाडी, त्यामुळे गाडी या विषयात तो स्वतःला जाणकार समजे.

"म्या न्हाई बसायचा! हिच्यातनं धूर कुटं निगतोय? चूलच पेटली न्हाई हिची. उपाशीपोटी एवढं वझं कशी वडंल?"

विजेचं इंजिन म्हणजे काय, ते मी सांगत बसलो असतो तर गाडी निघून गेली असती. बखोट धरून त्याला आत ढकललं. गाडीनं वेग घेतला. पांडूनं खिडकीला नाक लावलं. मग म्हणाला,

"मास्तर, ही उपाशी एवढी पळती, मग ती धुराची खाऊन खाऊन काय करती?"

* * *

डोंगरावरच्या वाडीतला धोंडू म्हणजे वर्गातला मुका प्राणी. वर्षभरात त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. त्यांच्या वाडीत एक चाल होती. गावाची शीव ओलांडायची तर शिवेवरच्या देवाला भाकरीचा तुकडा टाकायचा, मगच पुढं जायचं.

लोणावळ्याला आम्ही एका झाडाखाली जेवायला बसलो. सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. धोंडूचं फडकं रिकामं!

"भाकरी कुठं गेली रे?"

धोंडू रडवेला होऊन म्हणाला, "कान्ह्याची शीव, कामशेताची शीव, मळवलीची शीव... मास्तर, गाडी लय शिवा वलांडती!"

जैतूननं आपली अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली. धोंडूनं ती कपाळाला लावली, दोन घास खाल्ले आणि उरलेली फडक्यात बांधायला लागला.

"अरे, खा की!"

"मंग परत जाताना काय टाकू?"

त्या दिवसापासून मात्र धोंडूला वाचा फुटली. वर्गात उत्तरं द्यायला लागला. चुकीची देई, पण ठणकावून देई!

* * *

जेवणानंतर एका बंगल्याचं फाटक बघत पोरं उभी राहिली. आतून एक पारशी बाई बिस्किटांचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि प्रेमानं म्हणाल्या, "घ्या रे, घ्या!"

सगळ्या वर्गानं एका सुरात सांगितलं, "नको!"

बाईंनी डबा बंद केला आणि त्या आत गेल्या. मी म्हणालो, "चला." कुणी हलेना! सगळ्यांचे डोळे बंगल्याच्या दाराकडे. थोडा वेळ गेला. मग पांडू पुढं झाला, पायऱ्या चढला आणि त्यानं दार वाजवलं.

"बाई, तुमी आत का गेला? आजून दोनदा इचारायचं ऱ्हायलंय!"

बाईंना काही समजेना. मी शरमेनं अर्धा झालो. आमच्याकडं तिसऱ्या आग्रहाला हो म्हणायचं असतं, हे त्यांना कसंबसं सांगितलं. त्या माउलीनं खरंच आणखी दोनदा विचारलं!

* * *

परतताना बाजारातून स्टेशनकडे निघालो. दुकानदाराला दुसऱ्याच्या दुकानासमोरून सरळ चालता येत नाही. उस्मानभाई इथं गूळ चाखत, तिथं तांदूळ तळहातावर घेऊन फुंकत मागं पडत गेले. स्टेशनवर पोहोचून बघतो, तर उस्मानभाई गायब! माझ्या तोंडचं पाणी पळालं. जैतून मात्र पाटी वाचून सरळ स्टेशनमास्तरांच्या खोलीत शिरली. तिच्यामागं मी.

"साहेब, हरवलेलं मानूस हितं सांगायचं का?"

"हो. कोण हरवलंय?"

"अब्बा."

स्टेशनमास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "दिसायला कसे आहेत?"

"लाल टोपी, पांढरी दाढी, काखंत छत्री. परक्या गावात एकटे कधी ऱ्हायले न्हाईत. घाबरले असतील, पन तसं सांगायचे न्हाईत. वरडत असतील."

"मग ते आत्ताच इथं ओरडून गेले. म्हणाले, मुलगी हरवली! समोरच्या मुंबईच्या गाडीत शोधायला चढलेत."

जैतून वाऱ्यासारखी पूल ओलांडून गेली. तिकडे गाडीची शिट्टी झाली आणि डब्याच्या दारातून तिनं छत्रीसकट बापाला खाली ओढलं! दोघं परत आले, तेव्हा स्टेशनमास्तर दारातच उभे होते.

"सापडलं का?"

"सापडली एकदाची!" उस्मानभाई म्हणाले.

"सापडले!" जैतून म्हणाली.

वडगावला उतरलो. स्टेशनाबाहेर पोरं बैलगाड्यांत चढत होती. तेवढ्यात उस्मानभाई माझ्याजवळ आले, जैतून ऐकत नाही ना हे बघून घेतलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"मास्तर, हितली पाचवी सहलीला कुटं जाती वो?"