सीताक्काचे पुढचे दात

सीताक्काला दात हवे होते ते चावायला नव्हे. भाकरी काय, दुधात कुस्करली की जाते पोटात. तिला दात हवे होते नवऱ्याच्या कानाशी बसायला.

शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला त्यांचं गाव. मागल्या महापुरात गाव रिकामं करताना ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरायला गेली आणि तोंडावर आपटली. वरचे पुढचे तीन दात गेले. त्याच वर्षी तिच्या नवऱ्याला, अण्णाप्पांना, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, शुद्ध मात्र लख्ख राहिली. जैनांच्या घरात माणूस जायला निघाला की त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणतात. तो ऐकत ऐकत जीव जावा, एवढीच सगळ्यांची इच्छा. धडधाकट असताना अण्णाप्पा बायकोला कितीदा तरी म्हणाले होते, "माझ्या कानात तूच म्हणायचं बरं का. दुसऱ्या कुणाचं चालायचं न्हाय." थट्टेत म्हणायचे, पण बाईनं ते मनात घट्ट धरून ठेवलं.

आणि आता मंत्र तोंडातून नीट निघेना. 'सिद्धाणं' म्हणायला जावं तर फटीतून नुसता वारा. एके काळी बस्तीतल्या, म्हणजे जैनांच्या देवळातल्या, सगळ्या बायका हिच्या मागून पाठ म्हणायच्या. तीच आता खांबाला टेकून ओठ मिटून बसू लागली. तुटका मंत्र कानात घातला तर नवऱ्याची वाट अडेल, असं तिच्या डोक्यानं घेतलं. कुणी सांगितलं होतं तिला हे? कुणीसुद्धा नाही. पण एकदा घेतलं म्हणजे घेतलं, हट्टीपणात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

काढता-घालता येणारे दात करून झाले होते. बोलताना ते हलायचे आणि निजताना काढून वाटीत ठेवावे लागायचे. "मरण काय वाटीतलं दात घालूस्तवर थांबतंय व्हय?" ती म्हणायची. शेवटी मुलगा जिनेश, जो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर आहे, तिला कोल्हापुरात डॉक्टर वर्षाराणींकडं घेऊन गेला. इम्प्लांट करायचं ठरलं.

डॉक्टरबाई समजूतदार होत्या. त्यांनी स्कॅन काढला, साखर तपासली, मिसरी-तंबाखूचं विचारलं. मग नीट सांगितलं. हाडात धातूचे दोन स्क्रू बसवायचे, हाड त्यांना घट्ट धरेपर्यंत चार-पाच महिने कळ काढायची आणि मगच वर पक्के दात बसायचे. पण दात पडून बरेच दिवस झाल्यानं तिथलं हाड झिजलं होतं, म्हणून आधी हाडाची पूड भरावी लागणार होती.

"कशाची पूड?" सीताक्कानं विचारलं.

जनावराच्या हाडाची असते आणि कारखान्यात बनवलेलीही मिळते, असं डॉक्टरबाईंनी काही न लपवता सांगितलं.

"जनावराची न्हाय. मी मेलो तरी न्हाय."

कारखान्यातली ठरली. बाहेर आल्यावर जिनेश हसला, "आई, तू डॉक्टरांचीच परीक्षा घेतलीस की." धर्म राखला आणि दातही येणार म्हणून मायलेक खुशीत घरी आले.

पण खरी गोष्ट ना डॉक्टरबाईंनी विचारली, ना हिनं सांगितली. स्क्रू बसवल्यावर गोळ्या होत्या सकाळी, दुपारी आणि रात्री. सीताक्काचं तर लग्नापासूनचं व्रत, दिवस मावळला की तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा जायचा नाही. रात्री बाकीच्यांची जेवणं झाली की सून रोहिणी तिच्या हातावर गोळी ठेवायची. "घेतो की," म्हणून ही ती पदराच्या गाठीत बांधायची आणि सकाळी उकिरड्यावर टाकायची. जिनेशला वाटलं, औषधाला सूट असते, आई घेतच असणार. सूट असते हे तिलाही ठाऊक होतं. पण मंत्रासाठी दात आणि दातासाठी व्रत मोडायचं, हे तिच्या मनाला पटेना. आता काय बोलायचं अशा बाईला!

हिरडी सुजली, ठणका लागला. तिनं गालात लवंग धरली आणि चकार शब्द काढला नाही. पू यायला लागला तेव्हा कुठं रोहिणीच्या लक्षात आलं. वर्षाराणींनी स्क्रूला नुसता हात लावला तर तो डुगडुगला. दोन्ही काढावे लागले. भरलेली पूड गेलीच, होतं ते हाडही आणखी खचलं. पदराच्या गाठीची गोष्ट तेव्हा बाहेर पडली.

डॉक्टरबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आक्का, एवढंच सांगायचं होतं मला. दिवसाउजेडी घेता येतील अशा दोन वेळच्या गोळ्या लिहून दिल्या असत्या. असतात तशा." जखम भरू दे, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असंही म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर गाडीत सीताक्का तोंडाला पदर लावून बाहेरचा ऊस बघत बसली. तो पदर त्यानंतर तोंडावरून हटलाच नाही.

अण्णाप्पांपाशी सहा महिने कुठले! एका सकाळी त्यांना धाप लागली. गावातले डॉक्टर येऊन बघून गेले, घरच्यांना जवळ बसा म्हणाले.

"आई, म्हण की," जिनेश म्हणाला.

तिनं मानेनंच नाही म्हटलं आणि रोहिणीला पुढं केलं. रोहिणीचा आवाज गोड, उच्चार स्वच्छ, एक अक्षर इकडचं तिकडं होत नव्हतं. पण अण्णाप्पांची नजर तिच्याकडं वळेना. ती बायकोच्या तोंडावर खिळलेली. चालता होता तो डावा हात त्यांनी कसाबसा उचलला, तिच्या तोंडावरचा पदर धरला आणि ओढला. तिला वाटलं, पाणी मागताहेत. तिनं चमच्यानं पाणी घातलं, ते गालावरून ओघळलं. हात खाली पडला. डोळे तिच्यावरच राहिले.

रोहिणी म्हणायची थांबली.

"पाणी नको हुतं त्यास्नी," सीताक्का म्हणाली.

तिनं पदर बाजूला केला, कानाशी वाकली आणि पहिल्यापासून म्हणायला लागली. फटीतून वारा जात होता, अक्षरं फुटत होती. जिनेशनं वडिलांचे डोळे मिटायला हात पुढं केला, तो तिनं मध्येच धरला.

"थांब," ती म्हणाली. "अजून पुरा झाला न्हाय."