एक न केलेलं अपील

सर्व संबंधितांस, आणि त्याहून उत्सुक अशा असंबंधितांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की आज एक पुणेकर स्वतःची चूक कबूल करणार आहे. बसून घ्या. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मित्रांना नाही — आणि भावाला तर नाहीच.

मी कसब्यातल्या एका क्रिकेट क्लबाचा यष्टिरक्षक. आमच्यात शंकर नावाचा गोलंदाज होता. उसाला पाणी देऊन मांजरी गावाहून सायकलवर यायचा. सात वर्षांत नवा चेंडू त्याच्या हाती एकदाही पडला नाही. आमचे सगळे दमले, समोरची जोडी फुटेना, की कप्तान ओरडायचा, "बोलवा मांजरीला!" मग तो त्या साल निघालेल्या चेंडूने जोडी फोडायचा. त्याचं नाव तरी कुणी घेतलं का? मी तर त्याच्या बोलण्यातल्या 'हाय'ची नक्कल करून चहावर हशे मिळवायचो. झकास करायचो — थोबाडीत मारावीशी वाटते, स्वतःच्याच!

त्या दिवशी निवड समिती मांडवात बसलेली. जिल्ह्याच्या संघात जागा एक, उमेदवार दोन — शंकर आणि माझा धाकटा भाऊ वसंत. वसंतला दिवसभर एकही बळी नाही. अखेर शंकरला बोलावलं. तिसऱ्याच चेंडूला जमलेल्या फलंदाजाच्या बॅटची कड — टक्! — आणि चेंडू माझ्या ग्लोव्हजमध्ये. मी ओरडायचं, एवढंच उरलं होतं.

मी ओरडलो नाही.

शंकरचा हात अर्धा वर गेला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, पॅडवर थाप मारली — पॅडला लागला. त्याने हात खाली घेतला. का घेतलास रे? स्वतःच्या कानांवर विश्वास नव्हता? पाहा — अजून त्याच्यावरच डाफरतोय मी!

वसंत निवडला गेला. दोन सामने खेळला, कंटाळला. शंकर पुढच्या रविवारी आला नाही. नंतरही कधी नाही.

त्या सामन्याच्याच संध्याकाळी पंच सर्वांदेखत मला म्हणाले, "बापूराव, टक् मलाही ऐकू आलं. पण मागितल्याशिवाय बाद देता येत नाही. घसा बसला होता का आपला?"

मी पॅडचे पट्टे सोडू लागलो. तेवढ्यात सायकल धरून उभा असलेला शंकरच उसळला —

"ओ पंच! बापू आपलं माणूस हाय. त्ये कशाला खोटं बोलतील?"