मनगटावरचा टॉवेल

फुकट दाढी करणाऱ्या न्हाव्यावर माझा विश्वास नाही. इजिप्तमधल्या आमच्या असियूतकडच्या गावात बखूम न्हावी दर शुक्रवारी चर्चची प्रार्थना सुटली की अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या करत घरोघर फिरतो. माझा नवरा वासिफ अर्धांगाने पडला, त्याची वाचा गेली, तेव्हापासून आमच्याकडेही येतो. साधा चहासुद्धा घेत नाही. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

त्यात त्याची एक खोड. वस्तरा काढायच्या आधी तो वासिफच्या उजव्या मनगटावर टॉवेल टाकतो. मी वासिफची अंगठी काढून ठेवली, तरी टॉवेल काही चुकेना.

शेवटी त्याला दारातच अडवलं. "बखूम, त्या टॉवेलाखाली काय उद्योग चालतो तुझा?"

"काही नाही, वहिनी. सात वर्षांचा असताना कालव्यात बुडत होतो. एका हाताने वर ओढलं. मनगटावर गोंदलेला क्रूस, आपल्या सगळ्यांचा असतो तसा, आणि त्याखाली यरुशलेमच्या यात्रेचं साल, एवढंच दिसलं. मी शुद्धीवर आलो तेव्हा माणूस निघून गेला होता."

"मग हात झाकतोस कशाला? शोध की त्याला."

"ख्रिस्ताने मला हात दाखवला, चेहरा नाही. तो सापडला तर मी त्याच्या एकट्याचीच सेवा करीन. स्वतःला ओळखतो मी. बाकीच्यांच्या दाढ्या वाढतील. म्हणून प्रत्येकाचंच मनगट झाकतो."

मी वासिफकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. लग्न झाल्यापासून त्याच्या मनगटावरच्या क्रुसाखालचं ते यात्रेचं साल मी रोज बघतेय.

पुढच्या शुक्रवारी टॉवेल मीच टाकला. नीट, कोपरापर्यंत.