माझ्या आतड्याचा काप अन भुईमूग

आमच्या बेंबळीचा एक जण सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात आतड्याच्या गाठी तपासायचा. भाकरीचा तुकडाबी उजेडात धरून बघणार, मगच खाणार, असा माणूस.

माझी गाठ कापल्याव डॉक्टर म्हणले, "सगळं निघालं." मला पटंना. कॅन्सरच्या पेशीवर साखर असती, असं कुठंतरी ऐकून म्या माझा चहा सोडला, अन घरच्यांचाबी बंद केला. एवढी माझी अक्कल!

"अवो तात्या, चहाची साखर न्हवं ती," त्यो तपासणारा गावाकडं आला तवा हसला. "पेशीच्या अंगावर साखरंची बारीक कणसं असत्यात. कॅन्सरमंदी ती अर्ध्यातच खुंटत्यात. भुईमुगाच्या दाण्यातला रस रंग लावून सोडला, की त्या खुंटल्या कणसालाच चिकटतो."

दुसऱ्या खेपंला त्यानं बारीक बघायची दुर्बीण आणली. गावच्या सोसायटीच्या ओट्यावर मांडून आरशानं ऊन आत सोडलं. माझ्याच आतड्याचा काप! मधी चिकटल्या रसाचा तपकिरी वणवा, काठाला मातूर काईच न्हाय.

"हितं कापलंय. हितं रस चिकटलाच न्हाय, म्हंजी काठापातूर कॅन्सर पोचलाच न्हाय," त्यो म्हणला.

डोळ्यातलं पाणी काचंवर सांडलं, तरी म्या डोळा काढंना. त्यो ऊन सरकंल तसा नुसता आरसा फिरवत बसला.