आईनं बघितलं का?

वैजू मेडल घेऊन आल्यापासून आमच्या औंढ्याच्या घरी रोज कोणी ना कोणी येतं. चहा घेतं आणि म्हणतं, "आबा, एखादी गंमत सांगा की." मी सावकाश बोलणारा माणूस. माझी एक होईपर्यंत शेजारचे दगडूभाऊ तीन सांगून मोकळे. त्यातल्या निम्म्या घडलेल्या, निम्म्या चहाबरोबर वाढलेल्या. मी फक्त डोळ्यांनी बघितलेल्या सांगतो. वैजू, म्हणजे ऑलिंपिक जिंकलेली वैजयंता, माझी नात.

*

तिला पोहायला मीच शिकवलं. आमच्या शेतातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. भोपळा बांधायची तिची आई, माझी सून सुमन. सुमन लहानपणी बेडश्याच्या ओढ्यात बुडता बुडता वाचलेली. वेणीला धरून वर काढली होती तिला. तेव्हापासून पाण्यात उतरलेलं माणूस तिला बघवत नाही. मग ती विहिरीकडे पाठ करून आंब्याखाली बसायची आणि हाका मारायची.

"वैजू?"

"ओ."

"वैजू?"

"ओ."

भोपळा सुटल्यावर एक दिवस हाक आली, पण ओ गेली नाही. सुमननं शिवार डोक्यावर घेतलं. वैजू तळाला बुडी मारून वर आली. म्हणाली, "आये, पाण्याखालनं ओ कशी देऊ?"

"मग जायाचंच न्हाई पाण्याखाली."

*

लोणावळ्याच्या टँकवर लहान मुलांची शर्यत होती. शिट्टी झाली. बाकीची पोरं सरळ गेली. आमची वैजू डावीकडं वळली, आडव्या आलेल्या दोरांखालून, सगळ्या पोरांच्या मधून टँकला गोल फेरी मारून जिथून निघाली तिथंच येऊन थांबली. विहिरीत शिकलेलं पोर दुसरं काय करणार?

"पैली आली ना मी, आबा?"

तिथले सर हसून हसून बाकावर बसले. म्हणाले, "आबा, हिला माझ्याकडे पाठवा. नुसतं सरळ जायला शिकली तरी कुणाला सापडायची नाही."

ओल्या केसांनी बाहेर येताना वैजूनं हळूच विचारलं, "आयनं बगितलं का?"

सुमन टँकच्या भिंतीबाहेर चपला सांभाळत बसली होती. मी म्हटलं, "न्हाई बाळा." पुढं कुठंही पोहून आली की तिचा पहिला प्रश्न हाच. आणि माझं उत्तरही तेच.

*

सुमन रोज डबा घेऊन टँकवर जायची, पण फाटकाच्या आत नाही. एकदा सरच बाहेर आले. "ताई, आत या. बघा तरी पोरगी कशी पोहते."

"तुमी बगताय न्हवं?"

"हो."

"मग नीट बगा. दोगांनी बगून काय करायचं?"

सर डबा घेऊन आत गेले.

*

ऑलिंपिकची फायनल गावानं शाळेत मोठ्या पडद्यावर लावली. वैजूनं पलीकडच्या भिंतीला सगळ्यांच्या आधी हात लावला. झालं! दगडूभाऊंनी फटाक्यांची माळ लावली, गुलाल उधळला, पेढे वाटायला घेतले. अजून तिला परत यायचंय, हे त्या धुरात कोण कोणाला सांगणार? धूर निवळून माणसं जागेवर बसेपर्यंत वैजू गळ्यात मेडल घालून रडत होती.

दगडूभाऊ म्हणाले, "जिकून इतका येळ झाला, आन् आत्ता का रडतीया?"

सुमन बाहेर पायरीवर, पडद्याकडे पाठ करून. मी जाऊन सांगितलं, "पोरगी जिकली."

"भाईर आली का पाण्यातनं?"

"आली."

"मग बरं," म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला.

*

गेल्या महिन्यात वैजू घरी आली. खांदा फार दुखतोय, डॉक्टर म्हणाले शर्यती आता बंद. जेवताना तिनं ते सांगितलं. मग म्हणाली, "एवढी पवले आये, तू एकदाबी बगितलं न्हाईस."

सुमन भाकरी थापत राहिली.

सकाळी वैजू विहिरीवर गेली. तिच्यामागं मी, आणि माझ्यामागं सुमन. सुमननं काठावर चपला काढल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुनेनं माझं मनगट धरलं. तशीच पायऱ्या उतरली आणि पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

वैजूनं पाण्यातून तिला बघितलं. खांदाबिंदा विसरून अशी सुटली, की कपारीतली पारवळं फडफडत बाहेर गेली. पाणी पायऱ्यांवर चढलं, सुमनचं लुगडं भिजलं. तिनं डोळे मिटले नाहीत. फेरी मारून वैजूनं पायरी धरली आणि धापा टाकत आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

सुमन म्हणाली, "एवढं हातपाय का मारतीस गं? सावकाश पव की. इहीर कुटं पळून चाललीया?"